पाच फुटी रीफ टँक: आधी काय, नंतर काय

ओळखीतले जे रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायचे टँक, मी बंद पडताना पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचं सामान चांगलं होतं. महागडे दिवे होते, मोठा स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) होता, हौसही भरपूर होती. चुकला होता तो क्रम. टँक शनिवारी आला, रविवारी पाणी भरलं, सोमवारी क्लाउन माशांची जोडी सोडली आणि पुढच्या सोमवारी ती जोडी वर तरंगत होती. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

उदाहरणासाठी ५ × २ × २ फुटांचा टँक धरला आहे, म्हणजे १५० × ६० × ६० सेंटिमीटर. बाहेरच्या मापाने तो ५४० लिटरचा भरतो. काचेची जाडी, वरची मोकळी जागा आणि खडक वजा केले की आत सव्वाचारशे ते साडेचारशे लिटर पाणी मावतं. संपमधलं (टँकच्या खालच्या, फिल्टरच्या टाकीतलं) शंभरेक लिटर धरून एकूण ५५० लिटर. खालचे आकडे याच मापावर बेतले आहेत. तुमचा टँक लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात बदला. रिकामा टँक घरी आल्यापासून पहिला कोरल (प्रवाळ) लावेपर्यंत तीन-चार महिने तरी जातात. तेवढा धीर नसेल तर गोड्या पाण्याचा टँक करा, तोही छान दिसतो.

## टप्पा १: काय ठेवता येतं आणि काय नाही

हे काच विकत घेण्याआधी ठरवायचं, कारण दिवे, पंप आणि खर्च त्यावर अवलंबून आहेत.

परदेशी व्हिडिओ पाहून लोक अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन कोरलची यादी करतात. ही सगळी कठीण सांगाड्याची प्रवाळं. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अशी झाडून सगळी प्रवाळं येतात. काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि त्यांचे नातेवाईक पाइपफिश, समुद्री काकड्या आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपलेही संरक्षित आहेत. ‘इम्पोर्टेड आहे हो, काही होत नाही’ ही दुकानदाराची तोंडी हमी वनखात्यासमोर चालत नाही. ‘मालवणहून, रामेश्वरमहून जिवंत खडक आणून देतो’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. तो खडक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो.

मग टँकमध्ये ठेवायचं काय? मऊ प्रवाळं: लेदर, मशरूम, झोअँथिड, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप. नवख्याच्या हातून होणाऱ्या चुका हीच जास्त सोसतात, तेव्हा कायद्याची अडचण इथे पथ्यावरच पडते. माशांमध्ये हॅचरीत वाढलेले क्लाउन घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे आणि देशात तयार झालेले क्लाउन मिळतात. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा ते लवकर खायला लागतात. प्रत्येक खरेदीची पक्की पावती ठेवा.

## टप्पा २: जागा आणि वजन

पाणी ४५० किलोच्या पुढे, काच सव्वाशे किलो, खडक आणि वाळू ७०-८०, स्टँड ८०, संप भरून दीडशे. सगळं मिळून ९०० किलोच्या आसपास जातं. हे वजन ०.९ चौरस मीटरवर येतं, म्हणजे चौरस मीटरला हजार किलो. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरतात. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे पाचपट दिसलं म्हणजे स्लॅब कोसळलाच असं नाही. पण अंदाजपंचे ठेवण्याइतकी ही गोष्ट साधीही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून बीम कुठून गेला आहे ते विचारा. तळमजला नसेल तर टँक भिंतीलगत, बीमच्या वर घ्या. खोलीच्या मधोमध नको आणि बाल्कनीत तर नकोच नको.

खिडकीतून थेट ऊन येणारी भिंत टाळा. स्टँड साध्या प्लायचं केलं तर खाऱ्या ओलीने वर्षभरात फुगतं. बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल किंवा पावडर कोटिंग केलेलं लोखंड घ्या. मागे हात जाईल एवढी, निदान वीतभर जागा सोडा. ती सोडली नाही तर पहिल्याच गळतीला पश्चात्ताप होतो.

तपासणी: स्टँडवर स्पिरिट लेव्हल लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेवून बघा. फरक असेल तर स्टँडच्या पायाखाली दुरुस्त करा. टँक आणि स्टँडच्या मध्ये लाकडी पाचर मारू नका, सगळा ताण काचेच्या एका कोपऱ्यावर येतो.

## टप्पा ३: वीज आणि थंडावा

टँकसाठी वेगळी १६ अँपिअरची लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच). यात काटकसर करायची नाही. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं आणि तुमचा हात आठवड्यातून चार वेळा त्यात जाणार आहे. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्यातून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड संपच्या वर टांगू नका.

पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं. इथे गाव कुठलं यावर बरंच ठरतं. पुण्यात, नाशकात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, पाण्यावर वारा मारणारे दोन लहान पंखे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतात. हाच उपाय दादरला किंवा रत्नागिरीला जेमतेम चालतो, कारण दमट हवेत पाण्याची वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही तर थंडावा कुठून येणार? किनारपट्टीवर आणि विदर्भात चिलर धरूनच चला. ५५० लिटरला पाव ते एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा लागतो. तो बंद कपाटात ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा ओढून दिवसभर चालत राहतो आणि पाणी थंड होत नाही.

नाशिक-पुण्याच्या डिसेंबरसाठी हीटर लागतो. एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. चालू स्थितीत अडकला तर मोठा हीटर सगळं उकडून काढतो, लहान एकटा तेवढं करू शकत नाही.

वीज गेल्यावर मासे आधी मरतात ते प्राणवायूअभावी, उकाड्याने नंतर. त्यामुळे इन्व्हर्टरवर पहिला मान वेव्हमेकरचा (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप), दुसरा रिटर्न पंपाचा (संपमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा). चिलर आणि दिवे इन्व्हर्टरवर घेऊ नका. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, नाहीतर एसी पंप घुरघुरतात आणि तापतात. सेलवर चालणारा एक एअर पंप कपाटात असू द्या.

## टप्पा ४: संप आणि पाइप, साध्या पाण्यावर

हा टप्पा लोक गाळतात. मीही गाळला होता. पहिल्या टँकचं पाणी थेट मिठाचंच भरलं, दोन दिवस सगळं छान चाललं, तिसऱ्या रात्री वीज गेली. रिटर्न पंप थांबला, टँकमधलं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली आलं, संप भरून वाहिला. सकाळी बेल वाजली तेव्हा खालच्या काकू हातात ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या हॉलच्या छताचा रंग मी स्वखर्चाने करून दिला.

त्यामागचं गणित सोपं आहे. या मापाच्या टँकमध्ये पातळी १ सेंटिमीटर उतरली की साडेआठ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ४ सेंटिमीटर असेल तर ३४ लिटर, शिवाय ओव्हरफ्लोच्या (टँकचं पाणी खाली उतरवणाऱ्या) डब्यातलं आणि पाइपांतलं दहाएक. म्हणजे ४५ लिटर पाणी झेलायला संपमध्ये कायम जागा हवी. १०० × ४५ × ४० सेंटिमीटरच्या संपमध्ये चालू पातळी २२ सेंटिमीटर ठेवली तर वर ८० लिटरची जागा उरते. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवा आणि पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला एक बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन (पाण्याची खाली ओढली जाणारी धार) तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टूथपिक घाला. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्यात गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला की तो फक्त नावाचा उरतो.

उतरत्या पाण्यासाठी निदान दोन पाइप हवेत: एक रोजचा, दुसरा कोरडा राहणारा, आणीबाणीचा. पहिल्यात काही अडकलं तर पाणी दुसऱ्यातून उतरतं. रिटर्न पंप तासाला दोन ते अडीच हजार लिटरचा पुरतो. टँकमधला जोर वेव्हमेकरने आणायचा असतो, रिटर्नने नाही.

पाइपकामात पितळी तोटी, तांब्याचा जोड, गंजणारा क्लॅम्प काहीही नको. सगळं पीव्हीसी. तांबं अगदी थोडं उतरलं तरी गोगलगायी, कोळंबी आणि कोरल जातात.

तपासणी: नळाच्या पाण्याने सगळं भरा, २४ तास चालवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा. मग मेन स्विच बंद करा आणि संप बघा. पाणी थांबलं की तिथे मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. असं पाच वेळा. आता आणीबाणीच्या पाइपची पाळी: रोजचा पाइप हाताने बंद करून दुसरा सगळं पाणी उतरवतो का ते बघा. हे झालं की पाणी काढून टाका आणि टँक पुसून घ्या.

## टप्पा ५: पाणी तयार करणं

‘आमच्या घरी आरओ आहे’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी असतो, त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. त्याच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) ४० ते ८० सहज निघतो. रीफला लागतो शून्य. त्यासाठी चार पायऱ्यांचा आरओ-डीआय घ्यायचा: गाळाचा फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन. बोअरचं पाणी असेल तर रेझिन भराभर संपतं, ते आधीच जास्त आणून ठेवा. सिलिकेट आणि नायट्रेट याच वाटेने टँकमध्ये शिरतात आणि मग वर्षभर शेवाळाशी कुस्ती.

७५ गॅलनचं मेम्ब्रेन कागदावर दिवसाला २८० लिटर देतं. वरच्या मजल्यांवर गच्चीतल्या टाकीचा दाब एवढा कमी असतो की बूस्टर पंप लावूनही निम्मं मिळालं तरी नशीब. ५५० लिटरला चार-पाच दिवस धरा. वाया जाणारं पाणी बादल्यांत धरा, लादी पुसायला चालतं.

सावध: सोसायटीची टाकी धुतल्यावर दोन दिवस पाणी बनवू नका. ब्लीचिंग पावडरचा मारा एवढा असतो की कार्बन पुरा पडत नाही आणि मेम्ब्रेनही खराब होतं.

समुद्राचं पाणी आणून भरायचा मोह मुंबईकरांना होतोच. जुहूच्या पाण्यात तेल, सांडपाणी आणि बरंच काय काय असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे त्याचा खारटपणाही उतरतो. किनाऱ्यावरची वाळू तशीच बाद.

आता मीठ. खाण्याचं नव्हे, रीफसाठीचं सॉल्ट मिक्स. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, ५५० लिटरला साधारण २० किलो. २०० लिटरचा फूड ग्रेड ड्रम घ्या. तो पुढे दर आठवड्याला लागणारच आहे. क्रम असा:

१. ड्रममध्ये आधी आरओ-डीआय पाणी भरा, टीडीएस शून्य आहे का ते बघा.
२. पंप चालू करा, तापमान २५ अंशांवर आणा.
३. मीठ थोडं-थोडं सोडा. मिठावर पाणी ओतू नका. दाट द्रावणात कॅल्शियमचा चुना होऊन तळाला बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही.
४. काही तास, शक्यतो रात्रभर फिरवत ठेवा, मग मोजा.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटरने. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की काहीही सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर जुळवून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवा. एका ओळखीच्यांच्या टँकमध्ये सहा महिने कोरल उघडत नव्हते. पाणी प्रत्यक्षात ३० पीपीटी होतं आणि मीटर ३५ सांगत होता. हवं आहे ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६.

## टप्पा ६: खडक, वाळू, पाणी. याच क्रमाने

खडक कोरडे घ्या, रीफसाठी बनवलेले. ३५ ते ४० किलो पुरतात. दुकानात ‘लिटरला एक किलो’ सांगतात, ते ऐकू नका. माशांना पोहायलाही जागा लागते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टँकच्या मापाची चौकट आखा आणि रचना तिथेच करून बघा. दोन-तीन दिवस ती तशीच पडू द्या, रोज येता-जाता नजर टाका. मागच्या काचेपासून १० सेंटिमीटर अंतर सोडा, नाहीतर काच घासायला हात जाणार नाही. मुख्य जोड सायनोअ‍ॅक्रिलेट जेल आणि एपॉक्सीने पक्के करा.

खडक टँकच्या तळावर टेकले पाहिजेत, वाळूवर नाही. वाळूत बिळं करणारे गोबी आणि पिस्तूल कोळंबी पाया पोखरतात आणि एके रात्री सगळा ढीग काचेवर येतो. आधी खडक, मग भोवती धुतलेली अ‍ॅरागोनाइट वाळू, ३ ते ४ सेंटिमीटर. शेवटी पाणी, वाळूवर ताट ठेवून त्यावर हळूहळू ओता. दोन दिवस दुधासारखं दिसेल. घाबरून पाणी बदलू नका.

## टप्पा ७: सायकल

माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर वस्ती करेपर्यंत टँक म्हणजे नुसतं खारं पाणी. ही वस्ती होणं म्हणजेच सायकल, तिला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर कमी, पण बाटलीवर ‘लगेच मासे सोडा’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका.

मासा सोडून सायकल करणं ही क्रूर आणि कुचकामी पद्धत आहे. शुद्ध अमोनियम क्लोराइड घाला: ५५० लिटरला साडेतीन ग्रॅम, म्हणजे २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २ भाग) जवळ जातं. अमोनियम क्लोराइड म्हणजेच आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा चालणार नाही, त्यात धातू असतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या.

दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया मोजून वहीत लिहा. दिवे बंद. स्किमर बंद ठेवला तरी चालतो. पण पंप आणि वेव्हमेकर रात्रंदिवस चालू. याच काळात स्पंज फिल्टरचा एक स्पंज संपमध्ये टाकून ठेवा, तो टप्पा ९ ला लागेल.

तपासणी: अमोनिया शून्यावर आल्यावर पुन्हा साडेतीन ग्रॅम घाला. २४ तासांत पुन्हा शून्य झाला तर वस्ती तयार आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना फारसा बाधत नाही, पण तो शिल्लक असताना नायट्रेटचं किट खोटं वाचन देतं. म्हणून तोही उतरेपर्यंत थांबा. नायट्रेट ३०-४० पीपीएमच्या वर असेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला.

## टप्पा ८: कुरूप महिने

आता दिवे लावा, पण ३० टक्क्यांवर, रोज सहा तास. पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी साय येईल, मग हिरवे केस, कधी लाल-जांभळी बुरशीसारखी चादर. प्रत्येक नव्या टँकमध्ये हे होतं. नेमक्या याच वेळी लोक तीन बाटल्या औषधं ओततात आणि टँक बिघडवतात.

टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी सोडा, सुरुवातीला दहा-बारा. हाताने शेवाळ उपटा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका: दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजलेट नावाची चिकट, बुडबुडे धरणारी तपकिरी पीडा येते, ती शेवाळापेक्षा कितीतरी वाईट. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या.

## टप्पा ९: क्वारंटाइन आणि मासे

क्वारंटाइन टँक नसेल तर मासा आणू नका. ८० लिटरचा साधा टँक, संपमधला तो तयार स्पंज, हीटर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. वाळू आणि खडक नको, ते औषध शोषतात. प्रत्येक नवा मासा इथे निदान ३० दिवस.

पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, खारटपणा जुळवा, मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला दोन-दोन तास थेंबथेंब पाणी देत बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो.

माशावर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) दिसले तर तांब्याचं औषध क्वारंटाइनमध्येच, किटने मोजून. मुख्य टँकमध्ये कधीही नाही. रोग मुख्य टँकमध्ये गेलाच तर सगळे मासे बाहेर काढून तो ७६ दिवस बिनमाशांचा ठेवण्याचा प्रघात आहे. त्या ७६ दिवसांपेक्षा आधीचे ३० बरे.

सोडण्याचा क्रम: गरीब स्वभावाचे आधी, भांडखोर शेवटी. पहिल्यांदा फायरफिश किंवा गोबी, मग बँगाई कार्डिनल, मग क्लाउनची जोडी, मग ब्लेनी. ब्रिसलटूथ जातीचा एखादा टँग अगदी शेवटी. दोन वेळांमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. वर जाळीचं झाकण हवंच. फायरफिश रात्री उडी मारतात आणि सकाळी लादीवर वाळलेले सापडतात.

स्वस्त म्हणून डॅमसेल आणू नका, नंतर आलेल्या प्रत्येकाला ते छळतात आणि बाहेर काढायला सगळे खडक उपसावे लागतात. मुलं सिनेमातली ‘डोरी’, म्हणजे निळा टँग, मागतील. तो फूटभर वाढतो, पाच फुटी टँक त्याला अपुरा आहे. मँडरिन पहिल्या वर्षी नको. बहुतेक मँडरिन कोपेपॉड नावाचे जिवंत, बारीक जीवच खातात आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतात.

## टप्पा १०: कोरल

पहिले दोन तुकडे आणा, बुडवणीच्या औषधात पाच-दहा मिनिटं बुचकळून किडे झटका, तळाशी लावा आणि दोन आठवडे नुसतं बघा. उघडले तर पुढचे. दिवे आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवा. वेव्हमेकर दोन, समोरासमोरच्या काचांवर, प्रवाह कोरलवर थेट आदळेल असा नको.

लेदर कोरल अधूनमधून मिटतो, त्यावर मेणासारखा पापुद्रा येतो आणि आठवड्याने गळतो. तो मेला म्हणून फेकून दिलेले लेदर मला माहीत आहेत. मऊ कोरल एकमेकांवर रसायनं सोडतात, म्हणून संपमध्ये कार्बनची पिशवी कायम ठेवा आणि महिन्याला बदला. ग्रीन स्टार पॉलिप वाळूत सुट्या खडकावर लावा. मुख्य खडकावर चढला की तो सगळं गिळतो.

सावध: झोअँथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा. हे लागलेला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष फुप्फुसात जाऊन घरभर माणसं आजारी पडल्याच्या घटना झाल्या आहेत. हे कोरल मुलांच्या आणि मांजरांच्या हाताला लागतील असे ठेवू नका.

## टप्पा ११: रोजचं आणि आठवड्याचं

रोज: तापमान, माशांची मोजणी, सगळे पंप फिरतात का. दोन मिनिटांचं काम. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.

उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआय पाणीच घालायचं. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. खारं पाणी घालत गेलात तर खारटपणा चढतच जातो. दिवसाला ८ ते १० लिटर उडतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारं यंत्र) लावा, पण त्याची टाकी २५-३० लिटरचीच ठेवा. सेन्सर अडकला तर तेवढंच गोडं पाणी जाईल.

आठवड्याला: ५५ लिटर पाणी बदला, स्किमरच्या कपाची मान पुसा, काच घासा. वाळूजवळ घासताना कण अडकला तर काचेवर कायमची रेघ उठते. फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदला.

पंधरवड्याला मोजा: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, एकक डीकेएच) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. मऊ कोरल यातलं थोडंच वापरतात, पाणी बदलण्यानेच भरून निघतं. न मोजता कुठलीही बाटली ओतू नका. पीएच ७.८ च्या आसपास घुटमळत असेल तर बाटलीआधी खिडकी उघडा: एसीसाठी बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो पाण्यात उतरतो.

तीन-चार महिन्यांनी सगळे पंप सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात एक तास चालवा. पावसाळ्यात मिठाची बादली घट्ट बंद ठेवा, नाहीतर दगड होतो. प्लगांवर साचणारं पांढरं मीठ कोरड्या फडक्याने, स्विच बंद करून पुसा.

## घरातल्यांना सांगून ठेवायच्या गोष्टी

पेस्ट कंट्रोलची फवारणी, डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांतली कीटकनाशकं कोळंबीला आणि माशांना घातक असतात. टँकच्या खोलीत ती नकोतच. फवारणी टाळता येत नसेल तर एअर पंप आणि स्किमर बंद करा, टँक झाका, रिटर्न आणि वेव्हमेकर चालू ठेवा, नंतर खोली भरपूर उघडी ठेवा आणि कार्बन बदला. लादी पुसणाऱ्या मावशींना सांगा, टँकची काच फिनेलच्या फडक्याने पुसायची नाही. हात घालण्याआधी साबण, क्रीम, सॅनिटायझर धुऊन काढायचं, कोपरापर्यंत.

गणपतीला गावी जाताना खाणं औषधाच्या वारांच्या डबीत भरून ठेवा, एका खणात एका दिवसाचं, आणि मोठा डबा लपवून ठेवा. शेजारी प्रेमाने जास्तच घालतात. निघण्याआधीच्या आठवड्यात नवीन मासा, नवीन पंप, नवं औषध काहीही नको. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: कुठला स्विच कशाचा, वीज गेली तर सेलचा पंप कसा लावायचा, आणि पाणी संपच्या रेघेच्या वर दिसलं तर आधी काय बंद करायचं. त्याखाली तुमचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात.